शहराच्या कडेला आधी बस की आधी वस्ती?

पायवाट (धागा काढणारा):

शहराच्या कडेला नवी वस्ती उभी राहते तेव्हा क्रम ठरलेला असतो. आधी इमारती, मग माणसं, मग पाण्या-गटाराची ओरड, आणि सगळ्यात शेवटी बस. तीही "प्रवासी मिळणार असतील तर". माझं म्हणणं, हा क्रम उलटा करा. घराच्या चाव्या हातात पडतील त्या दिवशी बस सुरू पाहिजे. रिकामी धावली तरी धावू द्या.

नव्या घरात गेल्यावर माणूस पहिल्या काही आठवड्यांतच येण्याजाण्याची सोय लावून घेतो. बस नसेल तर कर्ज काढून गाडी घेतो. दोन-तीन वर्षांनी बस येते तेव्हा गाडीचे हप्ते चालूच असतात, मग बसमध्ये चढणार कोण? लगेच अहवाल तयार: "या भागात मागणी नाही." ज्यांना गाडी परवडत नाही, चालवता येत नाही किंवा चालवायचं वय नाही, त्यांची मोजणी या अहवालात कुठेच नसते.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नका. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक कॅन्टनमध्ये (म्हणजे प्रांतात) नियमच आहे: रहिवासी, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा मिळून निदान ३०० आकडा भरणारी सलग वस्ती असेल, तर ती सार्वजनिक वाहतुकीने जोडायचीच. कोपनहेगनने १९४७ साली आराखडा केला तोच पंजाच्या आकाराचा. बोटं म्हणजे रेल्वेमार्ग, वस्ती बोटांवरच वाढवायची आणि मधली जागा हिरवी ठेवायची. स्टॉकहोमच्या कडेला व्हेलिंगबीचं केंद्र १९५४ मध्ये उघडलं, तेव्हा काम, घर आणि बाजारपेठ एकाच उपनगरात हवं हे आधी ठरलेलं होतं, आणि मेट्रोही तिथे पोचलेली होती.

दुसरा मुद्दा सेवांचा. दवाखाना, शाळा, बँक, सरकारी कचेरी यांसाठी लेआउटमध्ये जो भूखंड सोडतात तो बहुतेक वेळा उरलेला, वाकडा, विकला न जाणारा कोपरा असतो. बस मुख्य रस्त्याला आणि दवाखाना पार टोकाला. या सगळ्या गोष्टी थांब्याला लागूनच हव्यात. म्हणजे एका खेपेत दोन-तीन कामं उरकतात.

काय वाटतं?

ताळेबंद:

साफ असहमत. भावना ठीक आहेत, पण बस भावनेवर धावत नाही.

हिशोब करू. १२ किलोमीटरचा मार्ग, सरासरी वेग ताशी २० किलोमीटर. एका बाजूने ३६ मिनिटं, जाऊन-येऊन ७२. चालकाची विश्रांती आणि उशीर भरून काढायला वेळ धरला की फेरी ९० मिनिटांची. दर १५ मिनिटांनी बस द्यायची तर सहा गाड्या लागतात. तासाला एक द्यायची तर दोन. म्हणजे ज्या सहा गाड्यांत शहरातल्या एका दाट रस्त्यावर दर १५ मिनिटांनी बस मिळते, त्याच सहा गाड्या कडेच्या तीन वस्त्यांना तासाला एकेक देऊन संपतात. बस भरलेली असो वा रिकामी, चालकाचा पगार तोच आणि इंधनही जवळपास तेवढंच. तासाला एक बस ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही तोच वापरतो. बाकीचे पाठ फिरवतात. तुमच्या रिकाम्या बसचे पैसे दाट वस्तीतल्या गरिबाच्या बसमधून जाणार, हे लिहा की कुठेतरी.

आणि एक. स्वस्त जमीन बघून कुणी लांब जाऊन इमले बांधणार, नफा खिशात घालणार, आणि पुढची पन्नास वर्षं बसचा तोटा सगळ्यांनी भरायचा? मेक्सिकोत २००० नंतर शहरांपासून दूर रांगाच्या रांगा घरं बांधली. त्यातली लाखो घरं पुढे ओस पडली. असल्या बांधकामाला बस देऊन बक्षीस कशाला?

पायवाट:

मेक्सिकोचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. लोक घर सोडून गेले कारण तिथून कामाला जाण्यात दिवस आणि पगार दोन्ही खर्च होत होते. बक्षीस बांधणाऱ्याला मिळालं ते सेवा न देता घरं विकू दिली तेव्हा. भोगवटा प्रमाणपत्रच (इमारतीत राहायला जाण्याची परवानगी) थांब्याशी बांधा: थांबा, पदपथ आणि पहिल्या काही वर्षांच्या बसचा पैसा जमा केल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. मग बघू किती जण लांबची जमीन घेतात.

आणि "तासाला एक म्हणजे निरुपयोगी" हेही तितकंसं खरं नाही. स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभर ठरावीक मिनिटाचं वेळापत्रक आणलं. गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटते, आणि आगगाडी पोचते तेव्हा बस स्टेशनाबाहेर उभी असते. तासाची बस पाठ असली आणि पुढची गाडी चुकणार नाही याची खात्री असली की लोक वापरतात.

चाकांवर:

दोघांचंही वाचलं. मी व्हीलचेअर वापरतो. तुम्ही बस मोजताय, मला फुटपाथच्या कडेपासून मोजावं लागतं.

कडेच्या वस्तीतला थांबा म्हणजे खडीत रोवलेला एक खांब. शेजारी उघडं गटार. बस येते, लो-फ्लोअर, रॅम्पवाली, बाहेर व्हीलचेअरचं चित्र. चालक रॅम्प उघडतो. बसची फरशी जमिनीपासून साधारण ३३ सेंटिमीटर उंच आणि रॅम्प जेमतेम एक मीटर लांब, म्हणजे एकास तीनचा चढ. इमारतीच्या रॅम्पला सुरक्षित मानतात तो एकास बारा. वर रॅम्पचं टोक सुट्या खडीवर टेकतं आणि वजन आलं की सरकतं. मग चालक उतरतो, दोन प्रवासी उतरतात आणि मला खुर्चीसकट उचलून आत ठेवतात. आत सगळे घड्याळं बघत असतात. कागदावर मात्र ही बस "सुगम".

तिथे १६ सेंटिमीटरचा ओटा बांधला आणि बस थांब्यावर सात सेंटिमीटर खाली झुकवली तर राहिला फरक १० सेंटिमीटरचा. तोच एक मीटरचा रॅम्प आता एकास दहा. कुणीतरी हलका हात लावला की जमतं. ओटा म्हणजे थोडं काँक्रीट. करोडोंच्या बसखाली तेवढं ओतायला कुणाला सुचत नाही, कारण बस एका खात्याची आणि रस्त्याची कड दुसऱ्याची.

ताळेबंद साहेब, तुमच्यासाठी वेगळं. अमेरिकेत १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे. ज्यांना नेहमीची बस वापरता येत नाही त्यांच्यासाठी वेगळं वाहन देणं त्यात बंधनकारक आहे. पण कुठे? नेहमीच्या बसमार्गापासून पाऊण मैलाच्या आत, म्हणजे साधारण १.२ किलोमीटर. त्यापलीकडे सक्ती नाही. थोडक्यात, तिथे "प्रवासी नाहीत" म्हणून कडेची बस काढली की तिच्याबरोबर माझ्यासारख्याचा त्या वाहनावरचा हक्कही जातो. तुमच्या हिशोबात ती एक रिकामी बस होती.

बटणदाबे:

इतका खल कशाला? मोबाइलवर बोलवा, लहान व्हॅन दारात येईल. रॅम्पवाली. मार्ग नाही, थांबा नाही, ओट्याची भानगड नाही. ५० आसनी बस रिकामी फिरवण्याचे दिवस गेले.

ताळेबंद:

बटणदाबे, याबाबतीत मी पायवाट यांच्याही आधी तुमच्या विरोधात. हेलसिंकीने नेमकं हेच केलं होतं. कुत्सुप्लस नावाची सेवा, नऊ आसनी गाड्या, २०१२ मध्ये सुरू. लोकांना आवडली. २०१५ च्या शेवटी बंद, कारण दर प्रवाशामागे द्यावं लागणारं अनुदान फार होतं. बसमध्ये माणसं वाढली की दर माणशी खर्च उतरतो. दारोदार फिरणाऱ्या व्हॅनमध्ये माणसं वाढली की वळसे वाढतात, आणि मग आणखी व्हॅन, आणखी चालक. लोकप्रिय झाली की बुडते असली सेवा.

बटणदाबे:

हेलसिंकीचा प्रयोग लहान होता, गाड्या मोजक्याच होत्या. मोठ्या प्रमाणावर करून न बघताच निकाल? आणि रात्री अकराला त्या दोन-चार माणसांसाठी तुम्ही कुठली बस काढणार आहात तेही सांगा.

चाकांवर:

रात्रीसाठी आणि ज्यांना थांब्यापर्यंत जाताच येत नाही त्यांच्यासाठी व्हॅन हवीच. फक्त साध्या फोनवरूनही बोलावता आली पाहिजे. माझ्या ओळखीतल्या एका अंध गृहस्थांनी एका सेवेचं ॲप वापरून पाहिलं. नकाशावर बोट ठेवून "इथे उतरायचं" दाखवल्याशिवाय पुढे जायचंच नाही ते!

दोन्ही हातांत पिशव्या:

अजून कुणी परतीचा विषय काढलेला नाही म्हणून लिहिते. शहराकडे जाणारी सकाळची बस सगळेच आखतात. रुग्णालयात दुसरी पाळी दहाला सुटते आणि शेवटची बस साडेनऊला गेलेली असते. मग ती नोकरीच घेता येत नाही. वेळापत्रक करणाऱ्याच्या लेखी मात्र "रात्री मागणी नाही".

आणि तुमचे सगळे मार्ग मध्यभागी जाणारे का? मुलाला शाळेत सोडायचं, सासूबाईंना तपासणीला न्यायचं, येताना औषधं आणि किराणा, पुन्हा शाळा. यातलं एकही ठिकाण शहराच्या मध्यात नाही. बहुतेक शेजारच्या उपनगरात आहेत, आणि तिथे जायला आधी मध्यात जाऊन मग बाहेर यावं लागतं. व्हिएन्नाने नव्वदच्या दशकात बायकांचं रोजचं येणंजाणं नीट तपासून पदपथ, उजेड, बसायच्या जागा यांची आखणी बदलली. आमच्या फेऱ्या तुकड्या-तुकड्यांच्या असतात. दर तुकड्याला नवीन तिकीट लागलं की हिशोब कोलमडतो. दोन तास चालणारं एकच तिकीट ठेवा, मग बाकीचं बोला.

चालण्याबद्दलही. आराखड्यात थांब्याभोवती ४०० मीटरचं वर्तुळ काढून "पाच मिनिटांत थांबा" लिहितात. धडधाकट माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो म्हणून पाच. काठी टेकत जाणाऱ्याला तेच अंतर दहा मिनिटांचं. शिवाय वर्तुळ भिंतींमधून आरपार जातं, माणूस जात नाही. थांबा कुंपणापलीकडे समोर दिसतो आणि फाटक पार मागच्या रस्त्याला. त्या कुंपणात एक छोटं दार ठेवलं तर नवा थांबा बांधण्यापेक्षा जास्त काम होईल!

ताळेबंद:

कुंपणातल्या दाराला माझा पूर्ण पाठिंबा, फुकट आहे ते. मध्यात न जाता उपनगर ते उपनगर जाणाऱ्या आडव्या मार्गांना नाही. त्यापेक्षा छोट्या बस मोठ्या मार्गाला आणून सोडा, तिथून दर पाच मिनिटांनी मोठी बस किंवा मेट्रो. आहे त्याच गाड्यांत जास्त लोकांना सेवा मिळते.

दोन्ही हातांत पिशव्या:

चिलीच्या राजधानीत, सान्तियागोत झालं होतं ते. फेब्रुवारी २००७ मध्ये एका दिवसात सगळे मार्ग बदलले. थेट बस बंद, छोटी बस ते मोठी बस ते मेट्रो. मेट्रोत पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि हाल सर्वांत जास्त कडेच्या वस्त्यांचे. राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेट यांना जाहीर माफी मागावी लागली. कागदावर गाड्या वाचतात हो, पण मांडीवर पोर घेऊन तीनदा उतरून चढायला कागद येत नाही.

डोंगरउतार:

रोपवेबद्दल कुणीच बोललं नाही? कोलंबियातल्या मेडेयीनमध्ये २००४ पासून डोंगरावरच्या वस्त्या मेट्रोला जोडल्यात. थांब्यांजवळ शाळा, ग्रंथालय, पायऱ्या, उजेड, सगळं केलंय.

पायवाट:

डोंगर असेल तिथे जरूर. पण तिथे रोपवे मेट्रोचाच भाग होता, म्हणून तो टिकला. रिओमध्ये आलेमाओच्या टेकड्यांवर २०११ मध्ये रोपवे सुरू झाला आणि २०१६ मध्ये बंद पडला. रोपवेखाली राहणाऱ्या लोकांना टेकडीवर आधी साधे रस्ते आणि सांडपाण्याची सोय हवी होती. फीत कापायला रोपवे छान दिसतो.

ताळेबंद, एक तडजोड सुचवतो. कडेच्या वस्तीला तासाला एक बस, पुढच्या गाडीशी वेळ बांधलेली, पाच वर्षं न काढण्याच्या हमीसह. ओटा आणि पदपथ बांधणाऱ्याच्या पैशातून. पाच वर्षांनी तुमचा हिशोब.

ताळेबंद:

पाच नाही, तीन. आणि "वेळ बांधलेली" म्हणजे काय ते लेखी हवं: आगगाडी दहा मिनिटं उशिरा आली तर बस थांबणार का, आणि थांबली तर पुढच्या थांब्यावर ताटकळणाऱ्याने काय करायचं? माझ्या मते पाच मिनिटांच्या वर थांबवू नये. पाच वर्षांची हमी दिली की नको असलेला मार्गही पाच वर्षं ओढत न्यावा लागतो.

चाकांवर:

तीन वर्षांत लोक राहायलाही आलेले नसतात हो. निम्म्या खिडक्यांना पडदेसुद्धा नसतात. वर्षं मोजायची तर पहिल्या चावीपासून नको, निम्मी घरं भरल्यापासून मोजा. आणि तपासणीला येणाऱ्याने एकदा तरी खुर्चीत बसून त्या थांब्यावर बसमध्ये चढून दाखवावं, ही अट मी घालणार.

ताळेबंद:

निम्मी घरं भरल्यापासून, हे चालेल. आडवा मार्ग मात्र अजून मान्य नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू.