मदत हवी आहे: भूक नसताना डबे उघडणं कसं थांबवू?
नमस्कार मंडळी. ऑफिसातून वैतागून घरी आले की हात थेट फरसाणाच्या डब्याकडे जातो. पोट भरलेलं असतं, तरी ओट्याशी उभ्या उभ्या बाकरवडी, मग वर गोड काहीतरी. खरी भूक हळूहळू वाढते, तिला भाजी-भाकरीही चालते; ही मात्र एकदम उसळते आणि हिला चकलीच लागते! ताणामुळे कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं आणि गोड-तेलकट खावंसं वाटतं, हेही वाचलंय. ‘घरात आणूच नका’ हा सल्ला कृपया नको, सासरे आणि मुलं ऐकायची नाहीत. त्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही नेमकं काय करता? फेरी मारणं, मैत्रिणीला फोन, डायरी... यातलं टिकलं काय? आणि यासाठी आधी समुपदेशकाकडे जावं की आहारतज्ज्ञाकडे?