पासिंगपुरते हॅलोजन, मग परत एलईडी: यात चूक काय?

कांदिवलीकर: खासगी गाडीला १५ वर्षं झाली की पासिंग (आरटीओची तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण) आलं, आणि पुढे दर ५ वर्षांनी. एजंट सर्रास सांगतात, हेडलाइटचे एलईडी बल्ब काढा, हॅलोजन लावून गाडी दाखवा, घरी येऊन परत चढवा. मला यात काही गैर वाटत नाही. जुन्या गाडीचा ६०/५५ वॅटचा एच-फोर हॅलोजन बल्ब भर पावसात जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) काय उजेड पाडणार? चाक आपटल्यावरच खड्डा कळतो.

डिप्परवाला: साफ चूक. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एच-फोरमध्ये डिप्परच्या (खालच्या झोताच्या) फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. खाली जाऊन रिफ्लेक्टरवरून वर उसळणारा उजेड ती अडवते. एलईडीची चिप जरा पुढेमागे बसली की सगळा झोत समोरच्याच्या डोळ्यांत. तुम्हाला भरपूर उजेड वाटतो, कारण बॉनेटपुढचे पंधरा फूट पांढरेफटक होतात. लांबचं आहे तिथेच.

वायरिंगवाला: अहो, दोघंही बल्बवरच अडलात. इंजिन आणि डिप्पर चालू ठेवून मल्टिमीटर आधी बॅटरीवर लावा, मग बल्ब पेटलेला असतानाच त्याला जोडलेल्या कपलरच्या मागून. बॅटरीवर १४ आणि कपलरवर १२.५ आले, तर दीड व्होल्ट वाटेत गेला आणि त्यासोबत जवळजवळ एक तृतीयांश उजेड. मुंबईच्या खाऱ्या हवेत पहिला संशय अर्थिंगवर (बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरवर) घ्यायचा. बॉडीवरचा नट खोला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, कसून वर ग्रीस लावा. तरी फरक नाही पडला तर अप्पर-डिप्परला एकेक रिले (हलक्या करंटने चालणारा वेगळा स्विच): त्याच्या ३० नंबरच्या पिनला १५ अँपिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरी, ८७ वरून बल्ब, ८५-८६ वर जुनी स्विचची वायर आणि अर्थ. नवी वायर अडीच स्क्वेअर एमएमची. १०० वॅटचे बल्ब मात्र नकोत, होल्डर वितळतो.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणत असेल तर तेही अर्थिंगच. गॅरेजवाले उगाच बल्ब बदलत बसतात.

कांदिवलीकर: रिलेचं पटलं. पण काच पिवळी पडली असेल तर?

डिप्परवाला: बाहेरून पिवळी असेल तर पाणी मारत ८००, १५००, २००० नंबरचा पेपर, मग पॉलिश आणि वर यूव्ही क्लिअर कोट. टूथपेस्टने तात्पुरती चमक येते, इतकंच. रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा उडाला असेल तर घासण्यात अर्थ नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना ओरिजिनल सेट शोधा. मात्र युरोपातल्या गाडीचा नको. त्याचा डिप्पर उजवीकडे वर चढतो, म्हणजे नेमका समोरून येणाऱ्यावर.

स्टेपनी: सेट बदलला की फोकस लावा. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटर, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर, हेडलाइट लेव्हलर (झोत वर-खाली करणारं बटण) शून्यावर. भिंतीवर बल्बच्या उंचीची खूण करा. डिप्परची वरची रेष तिच्याखाली साधारण ५ सेंमी हवी. नंबरप्लेटचा ५ वॅटचा दिवा हमखास विसरला जातो. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा; एका बाजूला घाईघाईने लुकलुकला तर तिथला २१ वॅटचा बल्ब गेलाय, किंवा कोणीतरी एलईडी कोंबलाय.

कांदिवलीकर: ठीक, अर्थिंग आणि रिले आधी. त्यानंतरही रस्ता दिसला नाही तर एलईडी परत चढणार, सांगून ठेवतो.

डिप्परवाला: चढवा. पण आधी त्याच एलईडीचा डिप्पर लावून गाडी भिंतीसमोर उभी करा आणि ती रेष सापडते का बघा.