मदत हवी आहे: शुगर, ट्रायग्लिसराइड्स आणि पोटाच्या घेरासाठी जवस व कलौंजीचं तेल – किती आणि कसं?

रानजाई (धागाकर्ता)

टाइप २ डायबेटिस, वय ४६, वजन ९२ किलो, कंबर १०४ सेंमी. उपाशीपोटीची शुगर १३८, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.१, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २३६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३७. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर. पित्ताशयात ७ मिमीचा एक खडाही दिसला, पण त्याचा त्रास काही नाही. औषधं: शुगरसाठी मेटफॉर्मिन ५०० दोनदा आणि ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ सकाळी, कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्वास्टॅटिन १० रात्री.

बेत असा आहे: रोज अनशेपोटी कोमट पाण्याबरोबर जवसाचं तेल १५ मिलि आणि कलौंजीचं ५ मिलि. शिवाय करडईच्या तेलापासून केलेल्या सीएलएच्या (कॉन्जुगेटेड लिनोलेइक आम्ल, वजन कमी करायला विकतात ते) १ ग्रॅमच्या तीन कॅप्सूल. मेथीच्या बियांचं तेलही मिळतंय, तेही घ्यावं का? मात्रा बरोबर आहे का, आणि औषधांशी काही वाकडं आहे का?

घाणा_आणि_पेंड

मात्रेच्या आधी एक बघा: बीमधलं जे काम करतं ते तेलात उतरतं की पेंडीत राहतं?

मेथीत शुगरवर काम करतो तो मुख्यतः तिचा बुळबुळीत तंतू, गॅलॅक्टोमॅनन. तो पाण्यात फुगतो, तेलात उतरतच नाही. बियांत तेलही इतकं कमी असतं की बाटलीत बहुधा दुसऱ्याच तेलात मुरवलेली मेथी असते. ते केसांना लावा.

जवसाचं अर्धंमुर्धं तसंच. तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल (वनस्पतींतलं ओमेगा-३) निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच, पण तंतू आणि जवळजवळ सगळे लिग्नॅन (बीमधली उपयोगी द्रव्यं) पेंडीबरोबर गेलेले. चाचण्यांत कंबर आणि एलडीएलमध्ये (वाईट कोलेस्टेरॉल) जो थोडाफार फरक दिसतो, तो दळलेल्या बियांनी, रोज ३० ग्रॅमच्या आसपास घेऊन, आणि निदान १२ आठवडे टिकवल्यावर. ट्रायग्लिसराइड्ससाठी तर जवसाच्या तेलाला माशाच्या तेलाच्या पंगतीत बसवूच नका. माशाच्या तेलात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आयती असतात; अल्फा-लिनोलेनिकचं ईपीएत रूपांतर थोडंच होतं, डीएचएत नगण्य. २३६चा आकडा गोड पेयं, साखर आणि दारू (घेत असाल तर) कमी केल्यावर जास्त हलेल.

३० ग्रॅम जवसात साधारण १६० किलोकॅलरी आणि ८ ग्रॅम तंतू. अख्खे गिळलेत तर बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणून दळून घ्या, पण एका वेळी आठवड्यापुरतेच, आणि हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. १० ग्रॅमपासून सुरू करा आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट गच्च होतं. गोळ्या आणि जवस यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

आता तुमच्या बेताचा हिशेब. २० मिलि तेल म्हणजे सुमारे १८.५ ग्रॅम, १६५ किलोकॅलरी. त्यात सीएलएच्या २७. रोजच्या १९० वरच्या झाल्या! स्वयंपाकातलं तेवढं तेल कमी केलं नाही तर वजन कमी करायच्या नावाखाली वाढवायचीच सोय.

खलबत्ता

तो खडा तुम्ही एका ओळीत उरकलात, पण या बेतात सगळ्यात अडचणीचा तोच आहे. रिकाम्या पोटी एकदम तेल गेलं की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं. खडा तोंडाशी येऊन अडकला की उजव्या बरगडीखाली, कधी पाठीत किंवा खांद्यापर्यंत कळ जाते आणि तासन्‌तास थांबत नाही. त्यामुळे अनशेपोटी तेल अजिबात नको. जे काही घ्याल ते जेवणाबरोबर, थोडं थोडं. कळ आलीच तर तेल बंद करून डॉक्टरांना दाखवा. सोबत ताप किंवा डोळे पिवळे असतील तर थेट इस्पितळ.

कलौंजीची गोष्ट मेथीच्या उलट आहे, तिचं काम करणारं द्रव्य, थायमोक्विनोन, तेलात उतरतं. उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी आणि एलडीएल यांत लहानसा उतार चाचण्यांत दिसतो, वजनात दोनेक किलोंचा. पण काम करतं म्हणजेच औषधांशी भांडूही शकतं. मेटफॉर्मिन एकट्याने शुगर सहसा पाडत नाही, ग्लिमेपिराइड पाडतं. त्यावर कलौंजी म्हणजे डॉक्टरांना आधी सांगून सुरू करायची गोष्ट. पहिले दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी ग्लुकोमीटर लावा. ७०च्या खाली आली तर १५ ग्रॅम साखर पाण्यात घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. कलौंजी यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइमही काही प्रमाणात अडवते, आणि अॅटोर्वास्टॅटिन त्याच वाटेने निघतं. दंड-मांड्या कारण नसताना दुखू लागल्या किंवा लघवी गडद झाली तर थांबा आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्तचाचणी) तपासा. ऑपरेशन ठरलं तर दोन आठवडे आधीच कलौंजी बंद.

अजून एक. १० मिलिच्या ड्रॉपरवाल्या बाटलीत मिळतं ते बहुधा वाफेवर काढलेलं सुगंधी तेल असतं. ते चमच्याने घ्यायचं नसतं. तुम्हाला हवं ते बी दाबून काढलेलं.

मापात_राहा

सीएलएबद्दल कुणी बोललं नाही. करडईच्या तेलात सीएलए जवळजवळ नसतंच. त्यातल्या लिनोलेइक आम्लावर कारखान्यात प्रक्रिया करून ते बनवतात. त्यातला ट्रान्स-१०, सिस-१२ हा प्रकार लठ्ठ पुरुषांमध्ये इन्शुलिन रेझिस्टन्स वाढवतो असं आढळलं आहे. डायबेटिस आणि फॅटी लिव्हर असताना हे पैसे देऊन कशाला घ्यायचं?

जवसाचं तेल घ्यायचंच असेल तर ५ मिलि, शिजलेल्या अन्नावर वरून. फोडणीला नाही, ते शंभर अंशांच्या जरा पुढे गेलं की धुरावतं. बाटली गडद काचेची आणि लहान घ्या. ताज्या तेलाला सुक्या मेव्यासारखा वास येतो, खवट झालं की ऑइल पेंटसारखा, आणि झाकणाच्या आट्यांवर चिकट पिवळी कडा धरते. हे हवेत सुकणारं तेल आहे, रंगात वापरतात ते म्हणूनच. कडा दिसली की बाटली टाकून द्या. विकणारा पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती खवटलं त्याचं माप) सांगत असेल तर विचारा. थंड दाबाच्या तेलाला कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा १५ आहे, पण ५च्या आत असलेलं बरं.

रानजाई

सीएलए आणि मेथी रद्द. कलौंजीचा वास सहन होत नाही, कॅप्सूल चालेल का? आणि फरक कशावरून कळणार?

खलबत्ता

चालेल, पण आकडा बघा. चाचण्यांत बहुधा दिवसाला २.५ ते ५ मिलि तेल वापरलं आहे. २.५ मिलि म्हणजे २.३ ग्रॅम, ५०० मिग्रॅच्या चार-पाच कॅप्सूल. ‘दिवसाला एक’ लिहिलेल्या बाटलीकडून त्या परिणामाची अपेक्षा करू नका. डॉक्टर हो म्हणाले तर पहिला आठवडा दुपारी एक, मग जेवणांत विभागून दोन-दोन. मळमळ किंवा अंगावर पुरळ आलं तर बंद. लेबलवर थायमोक्विनोनचा टक्का असलेलीच घ्या, बाटलीगणिक तो कितीतरी पट बदलतो.

जवसाची पूड आणि कलौंजी एकाच दिवशी सुरू करू नका, कशाने काय झालं ते कळणार नाही. आधी पूड, १२ आठवडे. सुरुवातीला आणि शेवटी त्याच लॅबमध्ये एचबीएवनसी, १२ तास उपाशी राहून लिपिड, एसजीपीटी (यकृतासाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). कंबर दर पंधरवड्याला सकाळी, श्वास सोडून मोजा. एचबीएवनसी ७.१ चं ७.० झालं तर तो फरक धरू नका, तेवढं मोजणीतच इकडेतिकडे होतं.