मदत हवी आहे: खरी हिमनदी जवळून बघायची आहे, गाईडसोबत कुठं आणि कसं जावं?

नमस्कार मंडळी,

मी गंगाखेड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. नववीला बाह्यप्रक्रियांचा धडा आहे. त्यात नदी आणि वाऱ्यासोबत हिमनदीचं कामही येतं. हिमगव्हर, लोंबती दरी, मेषशिला ही तिनं कोरलेली रूपं आणि हिमोढ, म्हणजे तिनं आणून टाकलेले दगडगोट्यांचे ढीग, हे सगळं मी सोळा वर्षं फळ्यावर खडूनं काढत आलेय. नदीचा भाग आला की वर्ग घेऊन सरळ गोदाकाठी जाते, वळणाच्या आतल्या अंगाला साचलेली वाळू मुलांच्या हातात देते. हिमनदीच्या वेळी मात्र हातात द्यायला माझ्याकडं काहीच नसतं.

आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. 'गंगेला पाणी आलंय', 'गंगेवर जाऊन येतो' असंच बोलणं. मार्चमध्ये नदीचं पात्र कोरडं पडायला लागलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपली गंगा उन्हाळ्यात आटती, मग ती वरची गंगा कशी काय आटत नाही?" मी सांगितलं की आपली गंगा त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिला पावसावाचून दुसरा आधार नाही. उत्तरेतल्या त्या गंगेलाही खालच्या सपाटीवर मुख्य पाणी पावसाचं आणि जमिनीतल्या झऱ्यांचंच मिळतं, पण वर डोंगरात ऐन उन्हाळ्यात बर्फ आणि हिमनद्या वितळून तिला पाणी येत राहतं. लगेच तिचा पुढचा प्रश्न, "तुम्ही पाहिलीय का हो हिमनदी?"

मला हो म्हणता आलं नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं नवराबायको इथल्याच एका टूरवाल्यासोबत काश्मीरला गेलो होतो. पत्रकावर 'हिमनदी दर्शन' असं ठळक छापलेलं होतं आणि मी पैसे भरले ते त्या दोन शब्दांवर. सोनमर्गला पोचल्यावर कळलं की घोड्याचे पैसे वेगळे. ते दिले. घोडा जिथं थांबला तिथं आमच्या शाळेच्या मैदानाएवढा बर्फाचा पट्टा होता. त्यावर काळी धूळ बसलेली, कडेला मॅगीची टपरी, आणि लोक लाकडी स्लेजवर घसरत होते. बर्फ हातात घेतला तर जाड्या मिठासारखा भुसभुशीत, मुठीत दाबला की पाणी. टूरवाल्याचा माणूस म्हणाला, हीच हिमनदी, फोटो काढून घ्या, अर्ध्या तासात निघायचंय. घोडेवाला म्हातारा मात्र खरं बोलला. वर ढगाकडं हात करून म्हणाला, "मॅडमजी, असली तो वो ऊपर है." वर पाहिलं तर कड्यांच्या बेचक्यात काहीतरी पांढरं लटकल्यासारखं दिसलं, आणि तेही ढगानं झाकलं. फोटो वर्गात दाखवला तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, ह्यात भेगा कुठंयत?" बरोबरच होतं त्याचं. सरकणाऱ्या बर्फाला भेगा पडतात हे मीच त्याला शिकवलं होतं.

ते मला अजून लागून राहिलंय. त्यामुळं यंदा मेच्या सुट्टीत नीट चौकशी करूनच जायचं ठरवलंय. मला बर्फात खेळायचं नाही. हिमनदीचं मुख, तिच्या भेगा, तिनं ओढून आणलेला दगडगोटा आणि तिच्या पोटातून निघणारं पाणी हे जवळून बघायचंय, आणि शक्य असेल तर समजावून सांगणाऱ्या माणसासोबत. माझं वय ४९, मिस्टरांचं ५६. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, बाकी दोघंही रोज चालतो. दोघांत मिळून साठ-सत्तर हजारांपर्यंत झेपेल. शाळा जूनच्या मध्याला उघडते, त्याआधी परत यायला हवं.

कुणी स्वतः गेलेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. टूरवाल्याला आधी कोणते प्रश्न विचारावेत, म्हणजे परत फसगत होणार नाही, हेही हवंय. आणि एक, मिस्टरांना उंचीवर नेणं योग्य आहे का?

लातूरचा भटक्या

मॅडम, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. गोमुखला जा. त्या मुलीनं ज्या गंगेबद्दल विचारलं ती भागीरथी होऊन जिथून बाहेर पडते ती जागा म्हणजेच गंगोत्री हिमनदीचं मुख. हिमनदी साधारण ३० किलोमीटर लांब आहे.

मी २०२२ साली मेअखेरीस गेलो होतो. गंगोत्री गाव ३,१०० मीटरच्या आसपास आहे, तिथपर्यंत गाडी जाते. पुढं १८ किलोमीटर पायी. ९ किलोमीटरवर चिरबासा, १४ वर भोजबासा, तिथं मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उरलेले चार-साडेचार किलोमीटर. भोजबासाला गढवाल मंडल विकास निगमचं निवासस्थान आहे, आश्रमातही सोय होते. वाट चांगली आहे, चढ अंगावर येणारा नाही, पण चिरबासाच्या पुढं डोंगरावरून दगड सुटतात. तो टप्पा सकाळी लवकर आणि न थांबता ओलांडायचा. तिथं फोटो काढत उभं राहायचं नाही.

गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा परवाना लागतो आणि दिवसाला १५० माणसांनाच सोडतात. म्हणून टूरवाल्याला पहिला प्रश्न हाच टाका की परवाना आमच्या नावानं, कोणत्या तारखेचा, आणि तो हातात कधी देणार? जो नुसता 'होऊन जाईल' म्हणतो त्याला पैसे देऊ नका. चारधामची नोंदणी वेगळी, तीही करावी लागते.

आता मनाची तयारी ठेवण्यासारखी एक गोष्ट. गोमुख चित्रातल्यासारखं पांढरंशुभ्र नाही. हिमनदीच्या पाठीवर एवढा दगड-मुरूम पसरलाय की लांबून ती आपल्याकडच्या खडी-क्रशरच्या ढिगासारखी वाटते. मुखाची भिंत दिसली की मग कळतं. राखाडी भिंत, तिच्यात खालीवर गेलेल्या भेगा, भेगेच्या आत निळा रंग. दाबाखाली बर्फातली हवा निघून गेली की तो लाल प्रकाश शोषतो आणि निळा तेवढा बाहेर येतो, असं आमच्या गाईडनं सांगितलं. मुखाला हात लावायला जाऊ देत नाहीत आणि जाऊही नये, कारण तिथून बर्फाचे मोठाले तुकडे कधीही सुटतात. पण खाली पात्रात वाहून आलेला एक तुकडा काठाला अडकला होता, नारळाएवढा. उचलून पाहिला तर काचेसारखा टणक, आत मातीच्या बारीक रेघा आणि हरभऱ्याएवढे खडे अडकलेले. तुमच्या त्या भुसभुशीत बर्फात आणि ह्यात फरक काय, ते हातालाच कळतं.

गाईड उत्तरकाशीचाच घ्या. तिथं १९६५ पासून नेहरू पर्वतारोहण संस्था आहे, तिथला कोर्स केलेली पोरं मिळतात. आमचा गाईड गोमुखला उभं करून मागं बोट दाखवायचा, पूर्वी मुख कुठवर होतं ते. १९३५ पासून मोजणी आहे आणि त्यात मुख वर्षाला सरासरी वीसेक मीटर मागं सरकत गेलेलं दिसतं. चालत आलेल्या वाटेवर दोन्ही बाजूंनी जे दगडांचे बांध दिसतात ते हिमोढच. धडा तिथं वाटेवरच मांडलेला आहे.

गोदाकाठ, नांदेड

वरच्या प्रतिसादाला जोड. गाडीचा प्रश्न सोपा आहे. सचखंड एक्स्प्रेस परभणीहून थेट दिल्लीला नेते, पुढं हरिद्वार. हरिद्वार ते गंगोत्री एका दिवसात उरकायचा हट्ट करू नका, उत्तरकाशीला मुक्काम करा.

पावसाळ्यात मात्र ह्या रस्त्याला अजिबात जाऊ नका. ५ ऑगस्ट २०२५ ला धरालीत जो लोंढा आला ते गाव गंगोत्रीच्याच रस्त्यावर आहे. तुमची मेची सुट्टी योग्य आहे. गर्दी असते, पण जीवाला घोर नाही.

जालन्याहून, पेशानं डॉक्टर

मिस्टरांबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. बीपी औषधानं आटोक्यात असेल तर तेवढ्यावरून जाऊ नका असं म्हणणार नाही. पण निघण्याच्या महिनाभर आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. ईसीजी करून घ्या, गोळी कोणती आहे आणि तिथं ती बदलायची का ते विचारा. उंचीच्या त्रासासाठी जी गोळी लोक एकमेकांना सुचवतात तीही विचारल्याशिवाय घेऊ नये, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना तर नाहीच.

आपल्या परभणी जिल्ह्याचा बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून ५०० मीटरही उंच नाही. २,५०० मीटरच्या वर गेलं की कुणालाही त्रास होऊ शकतो, तरुण आणि धडधाकट माणसालाही. ३,००० च्या पुढं मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम पाळतात. गंगोत्री ते भोजबासा ही वाढ सुमारे ७०० मीटरची आहे. म्हणून गंगोत्रीला एक नव्हे, दोन रात्री काढा. मधल्या दिवशी थोडं वर चालून खाली येऊन झोपा. टूरवाल्याला विचारा, 'कोणत्या रात्री किती मीटरवर झोपवणार?' ज्याला हा प्रश्नच कळत नाही त्याच्यासोबत जाऊ नये.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर तिथंच थांबायचं, वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला, तोल जायला लागला तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं. आपल्या माणसांची सवय अशी की इतक्या लांब आलोय, पैसे भरलेत, म्हणून अंगावर काढतात. ते करू नका. आणि चांगला काळा चष्मा दोघांनीही न्या, बर्फावरून परावर्तित होणारं ऊन डोळे भाजून काढतं.

परदेशवारी, छत्रपती संभाजीनगर

बजेटच्या बाहेरचं लिहितोय, पण धागा पुढं इतरांच्याही कामी यावा म्हणून. हिमनदीवर पाय ठेवून चालायचं असेल आणि उंचीची भीती असेल तर आइसलँड. तिथं सोल्हेमायोकुल ही हिमनदी जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत उतरते, त्यामुळं विरळ हवेचा प्रश्नच नाही. बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे, हेल्मेट, कमरेचा पट्टा, कुऱ्हाड सगळं तेच देतात आणि गाईड पुढं राहून त्याच्याच पावलावर पाऊल टाकायला लावतो. नव्या माणसाला तीनेक तासांची फेरी पुरते. मी ५८ व्या वर्षी केली. बर्फाच्या गुहेत मात्र उन्हाळ्यात जाऊ नये. ऑगस्ट २०२४ मध्ये आइसलँडमधल्याच दुसऱ्या एका हिमनदीवर अशा फेरीत बर्फ कोसळून एक पर्यटक गेला.

स्वित्झर्लंडला युंगफ्राऊयोखला १९१२ पासून रेल्वे जाते, ३,४५४ मीटरवर. तिथून आल्प्समधली सगळ्यात लांब हिमनदी, 'आलेच' (Aletsch) तिचं नाव, वरून दिसते. आपल्या युरोप टूर तिथं नेतात, पण गॅलरीतून बघून परत. बर्फावर उतरायचं तर दोर बांधून नेणारा गाईड वेगळा ठरवावा लागतो.

लातूरचा भटक्या

अजून एक पर्याय राहिला. मिस्टरांना चालायची परवानगी मिळाली नाही तर लडाखमधल्या कारगिलहून झंस्कारच्या रस्त्यानं 'पेन्सी ला' नावाच्या खिंडीत जाता येतं. ड्रांग ड्रुंग हिमनदी गाडीतून उतरलं की समोर, वळण घेत खाली आलेली, अंगावर हिमोढाची काळी रेघ. फळ्यावरचीच आकृती. पण खिंड ४,४०० मीटरच्या आसपास आहे, आणि गाडीनं गेलं तरी उंचीचे नियम तेच.

(मूळ धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरसाहेब, मिस्टरांनी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, येत्या सोमवारी परभणीला ईसीजी करून घेतोय. गोळीचं नाव विचारून घेते.

गोमुखच ठरवतोय, मेचा शेवटचा आठवडा. गंगोत्रीला दोन रात्री, त्यासाठी टूर न घेता उत्तरकाशीचा गाईड स्वतःच बघायचा विचार आहे. आज एकाला फोन लावला. परवान्याचं आणि मुक्कामाच्या उंचीचं विचारलं, दोन्हीची उत्तरं त्यानं सरळ दिली. शिवाय स्वतःहून विचारलं की घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. इथल्या टूरवाल्यानं असं काही विचारलं नव्हतं.

दोन गोष्टी अजून हव्यात. भटक्याभाऊ, तिथलं पाणी गढूळ, राखाडी असतं ना? हिमनदीनं दळलेल्या खडकाची भुकटी त्यात असते असं मी शिकवते. एक बाटली भरून आणायचीय, काचेच्या ग्लासात दोन दिवस ठेवली तर तळाला पिठासारखा गाळ बसलेला मुलांना दिसेल, आणि शेजारी आपल्या गंगेच्या पाण्याचा ग्लास ठेवता येईल. उद्यानातून पाणी आणायला काही हरकत असते का, तुम्ही आणलं होतं का?

आणि दुसरं, घोट्याच्या वर येणारे चालायचे बूट नांदेड किंवा परभणीत कुठं चांगले मिळतील? आत्ताच घेऊन रोज घालून चालायचंय, म्हणजे तिथं नवे बूट चावायला नकोत.