एनव्हीएलडी असलेला मुलगा: अकरावीची शाखा, कॉलेज आणि पुढे नोकरी, तयारी कशी करून घ्यावी?

कुंदा
मुलगा १६ वर्षांचा, यंदा दहावी झाला. राहतो डोंबिवलीत. मराठी, इंग्रजी, इतिहासात उत्तम, गणितात काठावर. मिसिक या मुलांच्या बुद्धिमापन चाचणीत शाब्दिक बुद्ध्यांक ११८, कृती (आकृत्या, ठोकळे वगैरे) बुद्ध्यांक ८६. अहवालात 'नॉनव्हर्बल लर्निंग डिसॅबिलिटी' (एनव्हीएलडी) लिहिलं आहे, म्हणजे भाषा चांगली, पण आकृती, दिशा आणि न बोललेलं समजायला जड. शाळेत सवलत घेतली नाही, कारण "एवढं छान बोलतो, त्याला काय धाड भरलीय" हेच ऐकून घ्यावं लागलं. भूमितीच्या रचना, नकाशे, रकाने यांत गडबडतो. नवीन जागी वाट चुकतो. थट्टा आणि टोमणा यांतला फरक कळत नाही.
प्रश्न असे: सगळे कॉमर्स सुचवतायत, ते बरोबर का? आता प्रमाणपत्र मिळेल का? कॉलेज दादरला घ्यायचा विचार आहे, एकटा जाईल कसा? आणि नोकरीच्या दृष्टीने आत्तापासून काय करावं?

चौकटीची वही
कुंदाताई, कॉमर्सची घाई नको. 'गणित कच्चं म्हणून कॉमर्स' हा हिशेब या मुलांच्या बाबतीत हमखास चुकतो. कीर्द, खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स), ताळेबंद हे सगळं रकान्यांचं काम. नोंदीमागचं कारण तो तोंडी अचूक सांगेल, पण आकडा नावे बाजूऐवजी जमेला जाईल किंवा हजाराचा अंक दहा हजाराच्या घरात बसेल. तेरीज जुळणार नाही आणि चूक शोधायला पुन्हा तीच नजर लागणार. सायन्सला लेखी परीक्षा निभावेल, घात प्रॅक्टिकलला होतो: ब्युरेटचं वाचन, व्हर्नियर, सर्किटची जोडणी. इंजिनिअरिंगला पहिल्याच वर्षी ड्रॉइंग आडवं येतं.

आर्ट्समध्येही डोळे मिटून विषय घेऊ नका. भूगोलात नकाशे आहेत, अर्थशास्त्रात आलेख, मानसशास्त्राच्या पदवीला पुढे संख्याशास्त्र. विषयाच्या नावावर जाऊ नका. प्रत्येक विषयाच्या पाच जुन्या प्रश्नपत्रिका घ्या आणि आकृती, नकाशा, आलेख, रकाने यांवरचे गुण समासात लिहून बेरीज करा. कुठे किती गुण धोक्यात आहेत ते तासाभरात कळतं. इतिहास, राज्यशास्त्र, भाषा इथे ही बेरीज सहसा सगळ्यात कमी येते. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ हाही विचार करण्यासारखा रस्ता आहे. मात्र कोर्टात उभं राहण्यापेक्षा मसुदे आणि करार लिहिण्याची बाजू अशा मुलांना जास्त जमते, कारण तिथे समोरच्याचा चेहरा वाचावा लागत नाही.

आलेख टाळता येत नसेल तर तो शब्दांत आणायचा. मागणी वक्र समजा: "आडव्या अक्षावर मागणी, उभ्यावर किंमत. रेघ डावीकडे वर सुरू होते, उजवीकडे खाली येते, कारण किंमत उतरली की मागणी वाढते." आधी हा परिच्छेद पाठ, मग त्यावरून रेघ. आपण नेमकं उलट करतो, आकृती दाखवून म्हणतो "बघ, कळलं ना?" तो मान डोलावतो आणि परीक्षेत आकृती आरशातल्यासारखी उलटी येते.

आणखी एक, भिंतीवरचं महिन्याचं कॅलेंडर काढून टाका. चौकटींत तारखा शोधणं हेच त्याला जड जातं. एकाखाली एक तारखांची यादी करा, जर्नल किंवा प्रकल्पाची मुदत असेल तर तिच्या वर 'मुदतीआधी १० दिवस: कच्चा मसुदा', '४ दिवस: छपाई' अशा ओळी घाला.

आडवाट
प्रमाणपत्राबद्दल. एनव्हीएलडी हे निदान डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या प्रमाण सूचीत स्वतंत्र नाही, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या यादीतही या नावाने नाही. यादीत आहे 'विशिष्ट अध्ययन अक्षमता', म्हणजे एसएलडी. त्यामुळे नुसता हा अहवाल घेऊन गेलात तर खिडकीवरूनच परत पाठवतील.

२०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत बुद्ध्यांक ८५ च्या वर आणि निदानासाठी निम्हान्स बॅटरी (निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच) असं धरलं होतं. मेख अशी की तुमचा मुलगा वाचन आणि शुद्धलेखनाच्या भागात सहज पास होईल. अडेल तो अंकगणितात. म्हणून अर्जासोबत गणिताच्या वह्या आणि पेपर, जुने तीन-चार वर्षांचे, न्यायचे, आणि डिसकॅल्क्युलियाची (गणितातल्या अध्ययन अक्षमतेची) तपासणी व्हावी असं लेखी सांगायचं. एकूण बुद्ध्यांकावरून वाद झाला तर शाब्दिक आणि कृती यांतलं ३२ गुणांचं अंतर दाखवा. अशा अंतरात सरासरी फसवी ठरते. मार्च २०२४ मध्ये सुधारित तत्त्वं निघाली आहेत, तेव्हा तारीख घेतानाच कोणत्या चाचण्या करणार ते विचारून घ्या. मुंबईत सायन रुग्णालयात लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिक आहे. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवरून करायचा.

जुन्या नियमात १४ आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी होती आणि १८ नंतरचं प्रमाणपत्र कायमचं. तेव्हा आत्ता मिळालं तरी १८ पूर्ण होताच पुन्हा जायची तयारी ठेवा.

प्रमाणपत्रात अक्षमतेचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त आलं तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के राखीव जागांत बसतो, आणि लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. तीन तासांच्या पेपरला एक तास. ४० च्या खाली आलं तरी दार बंद नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय ४० टक्क्यांवाल्यांपुरती मर्यादित नाही असं म्हटलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये लिहिण्याची अडचण असलेल्यांसाठी वेगळी तत्त्वं आली. त्याला ठरावीक नमुन्यातलं वैद्यकीय पत्र लागतं.

लेखनिक घेतलात तर सराव हवाच. सरावाशिवाय ही मुलं इतक्या भरभर सांगतात की लिहिणारा मागे पडतो. अर्धं वाक्य, थांबा, पुढचं अर्धं, अशी सवय लावा.

कुंदा
खूप आभार दोघांचेही. दादरच्या प्रवासाचं कोणी सांगेल का? मॅप लावून दिला तर आणखीच गोंधळतो.

रूळावरचा
मॅप बंदच करा. आपण वळलो की तो फिरतो, तिथेच या मुलांची दिशा जाते. वाट शब्दांत लिहून द्यायची, खिशात मावेल अशा कार्डावर.

दादरला उतरल्यावर लगेच जिन्याकडे धावायचं नाही. खांबाला पाठ लावून गाडी सुटू द्यायची. गाडी ज्या दिशेला गेली तिकडे तोंड केलं की उजवा हात पश्चिम, डावा हात पूर्व. हे सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीचं. परतताना डोंबिवलीला उतरेल तेव्हा गाडी कल्याणकडे जात असते, म्हणजे उजवा हात पूर्व. दोन कार्डं वेगळी, दोन रंगांची, नाहीतर हमखास घोटाळा. उतरण्याची तयारीही शब्दांत: "घाटकोपर गेलं की दाराकडे सरकायचं, कुर्ल्यानंतर फास्टला पुढचं स्टेशन दादर."

सराव रविवारी करू नका. मेगाब्लॉक असतो, फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, प्लॅटफॉर्म बदलतात, आणि पहिल्याच दिवशी शिकलेलं सगळं खोटं ठरतं. शनिवारी दुपारी जा. आधी तुम्ही पुढे आणि वाट बोलून दाखवायची. मग तो पुढे, तुम्ही मागे गप्प, चुकला तरी गप्प. मग तुम्ही दुसऱ्या डब्यात. मग एकटा, ठाणे आणि दादर इथून दोन मेसेज. पायरी जमली की लगेच पुढची नको, तीच गर्दीच्या वेळी एकदा करून बघा. प्रवासात इअरफोन नको. इंडिकेटरपेक्षा घोषणा त्याला लवकर कळेल, ती त्याची जमेची बाजू आहे.

कॉलेजातही तेच. सुरू होण्याआधी वर्ग, ऑफिस, लायब्ररी, स्वच्छतागृह यांच्या वाटा चालून लिहून काढायच्या.

चौकटीची वही
नोकरीचं राहिलं. इथे अडचण नको तेवढी लपते. मुलाखतीत मुलगा फर्डं बोलतो, साहेबाची अपेक्षा वाढते, आणि पहिल्याच महिन्यात "हे एवढंसं जमत नाही?" सुरू होतं. लेखन, भाषांतर, मुद्रितशोधन, मसुदे, संशोधन-साहाय्य ही कामं जुळतात. गोदाम, मांडणी, पॅकिंग, मोठी एक्सेल शीट जड जातात. एक्सेल करावंच लागलं तर पहिली ओळ आणि पहिला स्तंभ गोठवून ठेवायचा आणि एकाआड एक ओळी रंगवायच्या.

काम सांगितलं की तीन प्रश्न विचारायची सवय आत्ताच लावा, घरच्या कामांवरच: कधीपर्यंत हवंय, कशासारखं हवंय, झाल्यावर कुणाला सांगू? आणि ऑफिसच्या बोलीची एक वही करा. "जरा बघून घे" म्हणजे आजच कर. "नंतर बघू" म्हणजे बहुधा नाही. "आम्ही कळवतो" म्हणजे रोज फोन करायचा नाही, आठवड्याने एक ईमेल.

आडवाट
मुलाखतीतच एनव्हीएलडी सांगून टाकावं असं मला वाटतं. राखीव जागेवर अर्ज असेल तर प्रमाणपत्र जोडावंच लागतं. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का एसएलडी, स्वमग्नता, मानसिक आजार वगैरे गटांत विभागलेला.

चौकटीची वही
राखीव जागेपुरतं मान्य. खासगीत मात्र नाव सांगून उपयोग होत नाही, समोरच्याला त्यातून काहीच उमगत नाही. गरज सांगावी: "सूचना लिहून मिळाल्या तर माझं काम अचूक होतं." रुजू झाल्यावर एचआरला ईमेल करून तेच मागावं. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण ठेवावं लागतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीने त्यात दिव्यांगांना काय सोयी देणार ते लिहायचं असतं. रुजू होण्याआधी ते धोरण मागून वाचा. त्यात संपर्क अधिकाऱ्याचं नाव असतं, ईमेल त्यालाच पाठवायचा.