अनुभव धागा: स्वतःशी बोलताना नेमकं काय बोलता?

समुपदेशक, गंगापूर रोड (धागाकर्ती)
किस्से नकोत, रीत हवी. आपल्या कामात स्वतःशी काय पुटपुटलं जातं, नेमक्या कोणत्या शब्दांत, आणि ते कुठे फसतं, एवढंच लिहा. नाशिक जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या धंद्यांतली मंडळी मुद्दाम बोलावली आहेत.

थोडी पार्श्वभूमी. लहान मूल खेळताना मोठ्याने बोलतं, शाळेच्या वयात ते बोलणं कुजबुजीवर येतं आणि मग आत जातं, ही मांडणी सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्कीची, १९३४ सालच्या पुस्तकातली. काम मुद्दाम अवघड केलं की मुलांची बडबड जवळपास दुप्पट होते, हेही त्याने नोंदवलं. मोठ्यांचं निराळं नाही. अडलं की ओठ हलतात.

रनिंग स्टाफ, इगतपुरी
आमच्याकडे हे ड्युटीतच येतं. सिग्नल दिसला की लोको पायलट (इंजिनचालक) आणि सहायक, दोघांनी हात करून पुकारायचं: कोणता सिग्नल, कोणता रंग. 'होम (स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल), पिवळा.' जपानी रेल्वेतही बोट दाखवून पुकारतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत नुसतं काम करताना १०० क्रियांमागे २.३८ चुका झाल्या. बोट आणि आवाज दोन्ही असताना ०.३८.

फसतं ते सवयीमुळे. रोज हिरवाच मिळणारा सिग्नल असला की डोळ्यांआधी तोंड चालतं. म्हणून आधी नजर, मग हात, मग आवाज, हा क्रम मोडायचा नाही. आणि सहायकाने पायलटचेच शब्द परतवले तर ती दुसरी तपासणी नव्हे. त्याने स्वतः पाहून म्हणायचं. कसारा घाट उतरताना पिवळा 'हिरवा' म्हणून पुकारला गेला तर ब्रेकला उशीर होतो, आणि १:३७ च्या उतारावर तो उशीर महागात पडतो.

सीएनसी सेटर, अंबड
टर्निंगला (लेथवर धातू कातताना) वेअर ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या झिजेची दुरुस्ती, घालताना: डाया (व्यास) ०.०४ जास्त आला तर 'वजा, शून्य, पॉइंट, शून्य, चार' असं सुटं सुटं म्हणत बटणं दाबायची. फॅनुक कंट्रोलवर शेवटी 'प्लस-इनपुट' हेही तोंडाने म्हणायचं, कारण नुसतं 'इनपुट' दाबलं की आधीची किंमत पुसून नवी बसते. प्रोग्रॅम डायावर लिहिलेला असेल तर त्रिज्येसाठी म्हणून फरक निम्मा करायचा नाही. नवी पोरं इथेच चुकतात.

आकडा जोडून कधीच म्हणू नये. मशीनच्या आवाजात 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' सारखेच ऐकू येतात. 'पाच-नऊ', 'सहा-नऊ' म्हणा.

धागाकर्ती
दादा, तुमच्या सुट्या आकड्यांना आधार आहे. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यस्मृतीची (हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीची) जी मांडणी केली, तिच्यात आवाजाचा एक फेरा आहे. त्यात अंदाजे २ सेकंदांत म्हणून होईल एवढंच टिकतं. परत परत म्हटलं तरच पुढे राहतं. म्हणून मायक्रोमीटरपासून पॅनलपर्यंत आकडा नेताना मध्येच कोणी 'चहा घेणार का?' विचारलं की आकडा गेलाच. अशा वेळी आठवत बसू नका, परत मोजा.

द्राक्ष बागायतदार, निफाड
जीएचं (जिबरेलिक ॲसिड, घडावर फवारायचं हार्मोन) माप मोठ्याने. १० पीपीएम म्हणजे १०० लिटरला १ ग्रॅम, २०० लिटरच्या टाकीला २ ग्रॅम. पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये. हार्मोन एकदा घडावर पडलं की परत घेता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

महत्त्वाचं म्हणजे क्रियापदाचा काळ. 'आता टाकायचंय' असं म्हणत फिरू नका. टाकून झाल्यावर म्हणा: 'दुसरी टाकी, जीए पडलं.' केवळ ठरवलेलं आणि खरंच केलेलं, तासाभराने डोक्यात दोन्ही सारखंच वाटतं. मजूर हसतात, हसू द्या.

वाचक, सिन्नर
सगळ्यांच्याच मनात असं बोलणं चालतं का?

धागाकर्ती
नाही. रसेल हर्लबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांना बीपर दिले. तो वाजला की त्या क्षणी मनात काय होतं ते टिपायचं. कोणाकडे शब्दच शब्द, कोणाकडे चित्रं, कोणाकडे जवळजवळ काहीच शब्द नाहीत. त्यात आजार शोधू नये.

बालवाडी शिक्षिका, पंचवटी
गणित करताना पुटपुटणाऱ्या मुलाला 'गप्प बस' म्हणू नका. घाईघाईत चुकणाऱ्या मुलांसाठी मायकेनबाम आणि गुडमन यांची १९७१ ची पद्धत वापरता येते. बाई आधी स्वतः बोलत काम करून दाखवतात. मग बाई बोलतात, मूल करतं. मग मूल मोठ्याने बोलत करतं, नंतर कुजबुजत, शेवटी मनात. वाक्यं साधी ठेवा: 'काय करायचंय? सावकाश. रेघ खाली. चुकलं, खोडतो, परत.' यातलं 'चुकलं, खोडतो' बाईंनीही मुद्दाम चुकून दाखवायचं. ते गाळलं की मूल पहिल्या चुकीलाच वही मिटतं. कुजबुजीची पायरी घाईने उरकू नका.

धावण्याचा प्रशिक्षक, नाशिक रोड
दोन-तीन शब्द, बस. 'कोपर मागे.' 'खांदे आखडू नको' म्हटलं की लक्ष आखडण्यावरच जातं. मुरलेल्या धावपटूला प्रत्येक पावलाचं वर्णन करायला लावलं तर लय बिघडते. त्याला एकच शब्द द्या.

धागाकर्ती
आता काळजीचं बोलणं. इथे गफलती जास्त.

मनात चाललेलं वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवा. मग 'मी' काढून स्वतःचं नाव आणि 'तू' घाला. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, भाषणाआधी असं बोलणाऱ्यांना 'मी' म्हणणाऱ्यांपेक्षा कमी त्रास झाला. पण आपल्याकडे 'सुनीता, तू असं का केलंस?' म्हटलं की थेट आईचा रागावलेला सूर लागतो! म्हणून 'का' काढा: 'अगं सुनीता, उद्या आधी कोणाला फोन करणार आहेस?' उत्तर एखाद्या कृतीचं निघालं पाहिजे.

आरशासमोर 'मी उत्तम आहे' घोकण्यावर माझा विश्वास नाही. जोआन वुड यांच्या २००९ च्या अभ्यासात, ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं त्यांना अशा वाक्यांनी आणखी वाईट वाटलं. 'हा विचार नकोच' हेही चालत नाही. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलेल्यांना तेच आठवत राहिलं.

वाचक, सिन्नर
मग वेड लागलंय हे कधी समजायचं?

धागाकर्ती
'वेड' शब्द बाजूला ठेवू. मोठ्याने बोलणं ही खूण नाही. कॉलेज रोडवर एकटा बोलणारा दिसला तर आधी त्याच्या कानातला इअरफोन बघा. आवाज आपला नसून बाहेरचा वाटणं, त्याने हुकूम सोडणं, झोप जाणं, कामावरून मन उडणं, यापैकी काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचा हुकूम असेल तर माणसाला एकटं सोडू नका.

क्लास चालक, इंदिरानगर
परीक्षेसाठी एक भर. पूर्ण धडा मोठ्याने वाचू नका. मोठ्याने वाचलेलं जास्त लक्षात राहतं, पण मनात वाचलेल्या मजकुराशेजारी ते वेगळं उठून दिसतं तेव्हा. पानातल्या व्याख्या आणि सनावळ्या तेवढ्या म्हणा. अभ्यासिकेत बोलायला बंदी असेल तर नुसते ओठ हलवा. फायदा कमी होतो, जात नाही.