किंमत भागिले किलोमीटर = टायर?

चाकधर (धागाकर्ता)

दुचाकीच्या टायरवरच्या परवाच्या चर्चेत 'काटकसरी' यांनी फर्मावलं होतं: "टायर म्हणजे काळं रबर. किंमत भागिले किलोमीटर करा, आकडा कमी येईल तो टायर घ्या. बाकी सगळी जाहिरातबाजी." त्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागलेली पाहून राहवेना. तिथेच लिहायला घेतलं होतं, लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

साहेब, जास्त टिकणारा टायर जास्त का टिकतो, हा प्रश्न तुम्हाला पडलाच नाही. बहुतेक वेळा रबर कडक असतं म्हणून टिकतो. कडक रबर झिजत नाही, तसंच ओल्या रस्त्याला धरतही नाही. दुचाकीच्या एका चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताहूनही लहान असतो. तेवढ्यावर ब्रेक, वळण, मागे बसलेलं माणूस, सगळं चालतं. ओल्या रस्त्यावर गाडी कुठे थांबली, याला तुमच्या भागाकारात रकानाच नाही.

म्हणून सगळ्यात महाग घ्या असंही म्हणत नाही. शर्यतीच्या जातीचे मऊ टायर तापल्याशिवाय धरत नाहीत. घर ते ऑफिस करणाऱ्याचे ते तापतच नाहीत, नुसते झिजतात. तेही पैसे पाण्यातच. रोजच्या गाडीला मधल्या फळीतला टायर बघा. रबराच्या मिश्रणात सिलिका नावाची बारीक पूड असेल तर ओल्यात पकड सुधारते. मागच्या चाकाला दुहेरी मिश्रणाचा मिळाला तर उत्तम, म्हणजे मध्ये कडक आणि कडेला मऊ. सरळ रस्त्यावर मधला पट्टा टिकतो, वळणावर कडा धरतात. एवढं पाहून मग खुशाल भागाकार करा.

काटकसरी

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

मी आयुष्यभर कडक टायर वापरत आलोय. पावसात, चिखलात, रात्री-अपरात्री. एकदाही गाडी आडवी झाली नाही. घसरतात ती माणसं घाबरून पुढचा ब्रेक आवळतात म्हणून, रबराला उगाच बोल लावू नका. आमच्या शेजारच्या पोराने परदेशी टायर घातले, महिनाभर सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवले. त्याच्या मागच्या चाकातली हवा मी मोजली तर हव्या त्याच्या निम्मी! कमी हवेवर महागडा टायर तापून कडेने खलास होणार आणि वळणावर डुलणार. असल्या लोकांना सिलिका सांगताय?

आधी दर आठवड्याला, गाडी थंड असताना हवा तपासा. मग मला रबर शिकवा.

चाकधर

हवेचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण योग्य हवा भरली म्हणून कडक रबर मऊ होत नाही ना! "मी कधी पडलो नाही" हा टायरचा गुण नाही, तुम्ही हळू चालवता त्याचा आहे.

काटकसरी

मी हळू चालवतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तेलकट हात

तुम्ही दोघं भांडा. मी हाताने टायर चढवतो, म्हणून एवढंच सांगतो. किंमत नंतर, आधी तारीख. टायरच्या भिंतीवर, म्हणजे बाजूच्या रबरावर, लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. ही चौकट बऱ्याचदा एकाच बाजूला असते आणि सवलतीचा टायर नेमका दुसरी बाजू दाखवत मांडलेला असतो. उलटा करून बघायचा, लाजायचं नाही. जुना वाटला तर दोन्ही हातांनी नक्षी फाकवा आणि खाचेच्या तळाशी बघा. केसासारख्या भेगा दिसल्या की "चमकतोय की अजून" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघायचं. वरून काळं पॉलिश मारलं तरी तळाच्या भेगा लपत नाहीत.

भारांकही बघा, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा; पुढचं अक्षर वेगाचं. ६२पी म्हणजे २६५ किलो आणि ताशी १५० किमीपर्यंत. ५७पी म्हणजे २३० किलो. स्वस्तात मिळाला म्हणून खालच्या भारांकाचा घेऊन त्यावर दोन माणसं आणि सामान लादणारे रोज बघतो.

आडवाटेची

एक साधा प्रश्न विचारू का? माझा मागचा टायर झिजून निशाणीला, म्हणजे खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या पट्टीला आलाय. पुढच्याची नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण आता वाचून बघितलं तर आकडे ०८१६ आहेत. दोन्ही बदलू की फक्त मागचा? एका वेळी एकाचेच पैसे आहेत.

घाटवेडा

तुम्ही सगळे मूळ गोष्टच विसरताय. मापाने रुंद टायर टाका, विषय संपला! कंपनी खर्च वाचवायला बारीक टायर देते. मी १००/९०-१७ काढून १२०/८०-१७ टाकला, म्हणजे १०० मिमीच्या जागी १२० मिमी रुंद, गाडी रस्त्याला चिकटूनच चालते. घाटात जो आत्मविश्वास आलाय तो तुमच्या सिलिकाने येणार नाही. शिवाय मागून गाडी काय दिसते!

त्रिज्या

शेवटचं वाक्य खरं कारण, बाकी सजावट.

भार तोच, हवेचा दाब तोच, तर रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ ढोबळमानाने तेवढंच राहतं. रुंद टायरमध्ये त्याचा आकार बदलतो इतकंच, आडवा वाढतो आणि लांबीत घटतो. दुसरं, त्याच वळणावर त्याच वेगाला रुंद टायरची गाडी जास्त झुकवावी लागते, कारण टेकण्याची जागा मध्यापासून लांब सरकते. तिसरं, रिम. प्रत्येक मापाला किती रुंदीची रिम चालते हे टायर कंपनी छापून देते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की भिंती आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. मग सरळ चालताना मधला चिंचोळा पट्टा तेवढा घासतो आणि लवकर सपाट होतो. पैसे रुंदीचे मोजले, वापरली बारीक पट्टी.

घाटवेडा

पुस्तकी पंडित आले! मग मोठ्या गाड्यांना कंपन्या एवढे रुंद टायर का लावतात? तिथले इंजिनियर वेडे आणि तुम्ही शहाणे?

त्रिज्या

त्या गाड्यांची ताकद आणि वजन वेगळं, रिमही तेवढीच रुंद, आणि पुढचं चाक धरणाऱ्या काट्यापासून मागचं धरणाऱ्या स्विंगआर्मपर्यंत सगळं त्या टायरभोवती आखलेलं. तुमच्या गाडीत एकटा टायर बदललाय.

आकडेच हवेत तर घ्या. १७ इंची रिम म्हणजे ४३१.८ मिमी. मापातला दुसरा आकडा म्हणजे भिंत रुंदीच्या किती टक्के उंच ते. १००/९० च्या भिंतीची उंची ९० मिमी, दोन्हीकडची धरून व्यास ६११.८. १२०/८० ची ९६ मिमी, व्यास ६२३.८. म्हणजे चाक सुमारे २ टक्के मोठं झालं. वेग मागच्या चाकावरून मोजणारी गाडी असेल तर काटा पूर्वीपेक्षा तितकाच कमी दाखवणार. गिअरिंग लांबलं, वजन वाढलं, मायलेज गेलं.

घाटवेडा

२ टक्क्यांसाठी एवढा निबंध! मी चालवून सांगतोय, तुम्ही कागदावर. माझ्याबरोबर एकदा घाटात या, मग बोलू.

स्पोकवाली

घाटवेडा, तुमच्या टायरच्या अगदी काठावर साच्यातली रबरी लव अजून शाबूत आहे का, तेवढं बघून सांगा. असेल तर गाडी तिथपर्यंत झुकलेलीच नाही आणि रुंदीचा तो भाग नुसता शोभेचा.

माझ्या गाडीला एका दुकानात "ताई, हाच बसतो, सगळे हाच टाकतात" म्हणून एक माप रुंद टायर घातला होता. रिकाम्या गाडीवर ठीक होता. मागे भाऊ बसला की खड्ड्यागणिक खर्र आवाज. घरी येऊन वाकून बघितलं तर साखळीच्या आवरणाला घासून काठावरचं रबर दाढी केल्यासारखं निघालेलं, खाली काळा भुगा. तो परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता, "वापरलेला आहे" म्हणे. वापरलेला! त्यांनीच घातलेला!

घाटवेडा

तो बसवणाऱ्याचा दोष, मापाचा नाही. आणि माझ्या काठांची चौकशी कशाला?

स्पोकवाली

म्हणजे लव आहे.

घाटवेडा

बायकांनी आता आम्हाला गाडी शिकवायची का?

त्रिज्या

हे वाक्य मागे घ्या. लगेच.

चाकधर

घाटवेडा, धागाकर्ता म्हणून सांगतो, मुद्द्यावर हवं तितकं भांडा, माणसावर घसरू नका. स्पोकवाली यांनी मोजून-मापून एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर टाळण्यासाठी असलं बोलणं शोभत नाही.

घाटवेडा

बरं, वाक्य मागे घेतलं. टायर मागे घेणार नाही.

हवाबाज

एवढ्या चर्चेत नायट्रोजनचं कोणी बोललंच नाही? तो भरला की टायर थंड राहतो, आयुष्य दुप्पट होतं. माझा स्वतःचा अनुभव.

तेलकट हात

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्यासाठी वेगळे पैसे द्यायचे तर द्या. तापल्यावर दाब वाढायचा तो वाढतोच. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो, हे मान्य. विमानवाल्यांना त्याचा उपयोग आहे, तुम्हाला दर आठवड्याला गेज लावण्याचा जास्त होईल.

काटकसरी

वा! म्हणजे फिरून हवेवरच आलात. मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणत होतो?

आडवाटेची

माझा प्रश्न राहिला हो कुठेतरी वर. ०८१६.

तेलकट हात

ताई, माफ करा, ह्यांच्या कुस्तीत राहून गेलं. ०८१६ म्हणजे २०१६ चा आठवा आठवडा. बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात की वापरात पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि तयार झाल्यापासून दहा वर्षांनी, नक्षी कितीही असो, बदला. तुमचा त्याच घरात आलाय. मागचा निशाणीला आलाय म्हणजे त्याचीही मुदत संपली. खरं तर दोन्ही जायला हवेत. एकाचेच पैसे असतील तर माझ्या मते आधी पुढचा.

काटकसरी

पुढचा? झिजलाय मागचा आणि बदलायचा पुढचा? पैसे वर आलेत का लोकांचे!

तेलकट हात

जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. मागच्या चाकाची पकड सुटली तर गाडी सावरायला कधीकधी वेळ मिळतो. पुढच्याची सुटली की बहुतेक वेळा जमिनीवरच भेट. दहा वर्षांचं रबर नक्षी असली तरी वाळलेलं असतं. अंगठ्याचं नख दाबून बघा आणि तेच नव्या टायरवर करून बघा, हाताला फरक कळेल.

मागचाही लांबवू नका. निशाणीच्या पट्ट्या नक्षीच्या बरोबरीला आल्या की ओल्यात पाणी कापायला काही उरलेलं नसतं. तोवर पावसात गाडी काढू नका.

त्रिज्या

तेलकट हात यांच्याशी इथे पूर्ण सहमत नाही. गुळगुळीत मागचा टायर ओल्यात आणि मागे माणूस असताना काही कमी धोक्याचा नाही. पंक्चरही त्यालाच जास्त होणार, पातळ झालेला असतो. मी असतो तर पैसे जमेपर्यंत गाडी उभी करून दोन्ही एकदम बदलले असते.

आडवाटेची

गाडी उभी केली तर नोकरीला कशावर जाऊ? उपदेश सोपा आहे.

त्रिज्या

हो, तेही आहेच. तर मग आधी पुढचा, पण कोरड्यात आणि एकट्याने चालवा.

चाकधर

आणि एक राहिलं. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा, वरचा गुळगुळीत थर निघेपर्यंत. बसवताना भिंतीवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते स्वतः बघा. घाईत उलटा बसवलेला टायर मी पाहिलाय.

काटकसरी, तुमच्या भागाकाराबद्दल एवढं मान्य करतो: एकाच जातीचे, सारख्या पकडीचे, ताज्या तारखेचे दोन टायर समोर असतील, तर तुमचाच हिशोब लावून स्वस्त पडेल तो घ्यावा.

काटकसरी

केवढे हे उपकार! मीही एक उपकार करतो. पुढच्या चाकाला तुमचा तो सिलिकावाला टाकून बघतो, तसाही पुढचा हळू झिजतो, भागाकारात फार मार बसत नाही. मागे माझा कडकच राहणार. आणि पावसात फरक जाणवला तरी इथे येऊन सांगणार नाही.

आडवाटेची

पुढचा मागवला. कंपनीने दिलेलंच माप, तारीख याच वर्षीची, बाण स्वतः उभी राहून बघणार आहे. मागचा पगार झाल्यावर. सर्वांचे आभार, अगदी भांडणाऱ्यांचेही.

घाटवेडा

मागचा घ्याल तेव्हा एक माप रुंद घ्या. एकच.

स्पोकवाली

लव!